तिसरी गोलकीपर

दम्माममध्ये आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तळमजल्यावर रोटीची भट्टी होती. पहाटे फजरच्या अजानीआधीच खाली पत्र्याचे ट्रे आपटायला लागायचे. गरम खुब्जचा वास लिफ्टच्या पोकळीतून वर चढायचा आणि आमच्या दाराशी येऊन थांबायचा. अम्मीला तो वास आवडायचा, पण ती रोटी सकाळी पानात घ्यायला ती कधी तयार झाली नाही. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावातून ती लग्न होऊन थेट या शहरात आली होती. इतक्या वर्षांत तिनं इथल्या बाजारातला हमूर मासा मान्य केला, इथलं खाऱ्या चवीचं पाणी मान्य केलं, पण सकाळी तवा चढायचा तो घावण्यांसाठीच. गावाहून कोणी आलं की सोबत आमसुलं यायची. कोकमाचं आगळ फ्रिजच्या दारात काळपट लाल उभं असायचं. एसीचा घरघराट दिवसरात्र चालू असे. आम्हाला तो ऐकूच येत नसे. तो बंद पडला की मात्र आम्ही चौघंही एकदम मान वर करून बघायचो.

चौघं म्हणजे अब्बा, अम्मी, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान सादिया. मी पुण्याला हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं होतं आणि पुस्तकांची दोन खोकी घेऊन परत आले होते. पुढे काय, हे कोणी विचारत नव्हतं आणि मीही सांगत नव्हते. सगळ्या घराचं लक्ष सादियावर होतं. ती भारतीय शाळेत बारावीला होती, अम्मीच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची, माझ्याशी इंग्रजीत भांडायची आणि बर्फावर हॉकी खेळायची.

हे शेवटचं गावी फोनवर समजावून सांगताना अम्मीची फार अडचण व्हायची. "हॉकी गो, पण बर्फावरची," ती मामीला सांगायची. "नाय नाय, डोंगरात नाय. मॉलमधे. मॉलमधे बर्फ असतो इथे." पलीकडून काहीतरी विचारलं जायचं. मग अम्मी म्हणायची, "पडते तर. पण अंगावर गाद्या बांधतात."

त्या गाद्यांमुळेच अब्बांनी परवानगी दिली होती. अब्बा धाहरानच्या बाजूला एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. रोज सकाळी कामगारांना उन्हात उभं करून, आज काय काय बिघडू शकतं हे सांगणं, हे त्यांचं काम. ती सवय घरीही यायची. गॅसची नळी, बाथरूममधली फरशी, माझं चालता चालता वाचणं, सगळ्यात त्यांना आधी अपघात दिसायचा. सादिया लहान असताना उन्हाळ्यात फिरायला जागा नाही म्हणून ते तिला मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर नेऊ लागले. तिथे कॅरल नावाची कॅनडाची बाई, कंपनीच्या कॅम्पमधल्या एका इंजिनिअरची बायको, मुलींची टीम जमवत होती. काही सौदी मुली होत्या, काही कॅम्पमधल्या. सादिया सगळ्यात नवी, म्हणून तिला गोलमध्ये उभं केलं. तिच्या पायांना जाड पॅड बांधले, छातीवर ढाल, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. अब्बा घरी येऊन समाधानानं म्हणाले, "सगळ्यात जास्त सेफ्टी हिच्याच अंगावर आहे." पुढची सात वर्षं, आठवड्यातून तीनदा, ते चहाचा फ्लास्क घेऊन काचेमागच्या बाकावर बसत आले. अम्मी कधी गेली नाही. थंडीनं तिचे गुडघे दुखत, आणि शिवाय तिला ते बघवलं नसतं, असं ती म्हणायची.

कॉलेज निवडायचं असतं, हे आम्हाला कॅरलनंच सांगितलं. आमच्यात कॉलेज निवडत नाहीत. आपलं कोणी जिथे असेल तिथलं घेतात. गावचा एक माणूस केप टाऊनला गेला की पाठोपाठ दहाजण जातात, एकजण लंडनला गेला की त्याच्या घरी बाकीच्यांचे बिछाने पडतात. कॅरलचं म्हणणं वेगळं होतं. ती आमच्या दिवाणखान्यात बसून घावणे खात सादियाला शिकवायची की कोचला पत्र कसं लिहायचं, सामन्याची कोणती चित्रफीत पाठवायची, उत्तर आलं की काय विचारायचं. तुमच्याकडे आत्ता गोलकीपर किती? त्या कितव्या वर्षाला आहेत? माझ्याआधी कोणाचा नंबर? आणि कॅरल म्हणायची, सगळ्यात मोठा प्रश्न स्वतःला विचारायचा: पहिल्याच दिवशी पाय मोडला आणि खेळ संपला, तरी या कॉलेजात राहावंसं वाटेल का?

हा प्रश्न ऐकून अब्बा खुर्चीत पुढे सरकले. "बघा," ते अम्मीला म्हणाले, "ही बाई माझ्या लाईनची आहे."

शेवटी दोन कॉलेजं उरली. एक अमेरिकेत मोठ्या तळ्याकाठच्या शहरातलं. त्याचा कोच फार गोड लिहायचा. सादियासाठी जागा आहे, ती दुसऱ्या वर्षीच गोलमध्ये उभी राहील, फीची चिंता करू नये, आम्ही एका कुटुंबासारखे आहोत. दुसरं वर उत्तरेला, एका लहान गावात, जिथे वर्षातले सहा महिने रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असतात. तिथली कोच बाई होती आणि तिचं उत्तर चार ओळींचं होतं: माझ्याकडे दोन चांगल्या गोलकीपर आहेत. तुझी जागा तिसरी असेल. खेळायला मिळेलच असं सांगत नाही. तरी यावंसं वाटलं तर कळव. अब्बांनी नकाशावर दोन्ही ठिकाणांहून हॉस्पिटल किती लांब ते पाहिलं आणि मोठ्या शहराच्या बाजूनं कौल दिला. सादियानं गोड कोचला फोनवर हो म्हटलं. कागद यायचे होते, त्यावर पालकाची सही लागणार होती. त्या आठवड्यात अम्मीनं सांदणं केली आणि खालच्या भट्टीवाल्यालाही ताटली पाठवली.

कागद आले त्याच्या आधी अब्बा गेले. कंपनीच्या बसमध्ये, संध्याकाळी घरी येताना. खिडकीला डोकं टेकून ते नेहमीच डुलकी काढत, त्यामुळे आमचा थांबा आला तरी कोणी हाक मारली नाही; ड्रायव्हरला वाटलं, आज पुढे उतरणार असतील. अम्मीनं वरून बस थांबताना आणि निघताना पाहिली होती. ती टेबलावर पानं मांडून बसली. बस शेवटच्या थांब्याला रिकामी झाली तेव्हा कळलं.

त्यांना तिथेच पुरलं. कागद जमायला काही दिवस लागले, मग गावच्या पुरुषांनी नेलं. तिथे बायका कबरस्तानात जात नाहीत, तशी परवानगी नाही, म्हणून आम्ही तिघींनी जागा पाहिली नाही. कासिमचाचांनी मोबाईलवर फोटो दाखवला. सपाट वाळू, रांगेत दगड, दगडांवर नाव नाही. "हा आपला," असं म्हणून त्यांनी बोट ठेवलं आणि बोटाखाली तो दगड झाकला गेला.

कासिमचाचा आमचे सख्खे चाचा नव्हते. एका गावचे, एवढंच. दम्माममध्ये त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं आणि आमच्या गावच्या जमातीत, म्हणजे तिथल्या गावकऱ्यांच्या मंडळात, त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्या दिवसांत त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते सख्ख्यानं केलं नसतं, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ते हास्यास्पद दिसतील आणि ते तसे नव्हते. तीन दिवस आमच्याकडे चूल पेटली नाही. गावच्या घरांतून डबे येत राहिले, डाळगोश्त, भात, पातळ खिचडी, आणि प्रत्येक डब्याबरोबर एक बाई, जी अम्मीला घासभर भरवल्याशिवाय उठायची नाही. अम्मी इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, रंगीत नेसायचं नाही. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अब्बांच्या नावावर, फ्लॅट कंपनीचा, म्हणजे आमचं त्या देशात राहणं आता उरल्यासुरल्या दिवसांपुरतंच होतं. कंपनीचा मंदूब, कागदपत्रं बघणारा तरुण सौदी, एकदा येऊन दारातच उभा राहिला. कासिमचाचांनी इद्दत म्हटल्याबरोबर त्यानं हात छातीवर ठेवला. "खलास," तो म्हणाला, "तोपर्यंत तुम्हाला कोणी हलवणार नाही." आणि खरंच कोणी हलवलं नाही. मला वाटतं आमची चूक तिथेच सुरू झाली. आम्हाला वाटू लागलं की मयत झालेल्या घरासाठी सगळं जग असंच थांबतं.

गोड कोचचं पत्र आलं होतं. कागद पाठवले आहेत, सही करून परत पाठवा. सादियानं फोन माझ्याकडे टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी ते अम्मीच्या कानावर घातलं. अम्मीनं मान हलवली. "चाळीसवा दिवस होऊ दे. त्याच्या आधी घरात कसली खुशीची गोष्ट काढायची नाय."

कासिमचाचा समोर होते. मी म्हटलं, "चाचा, निदान कोचला कळवायला हवं ना? मी मेल करू?"

"मेल?" त्यांनी चष्मा काढला. "गो पोरी, मौतीची खबर मेलवर देतात काय? माणसानं माणसाला सांगायची असते. आणि तीही घरातल्या पोरींनी नाय. मी बोलतो. मला नंबर काढून दे त्या कॉलेजचा."

मी काढून दिला. दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं, कळवलं, व्यवस्थित कळवलं, आता निवांत राहा. अम्मीनं त्यांना दुवा दिली. त्यानंतर कोचची आणखी दोन पत्रं आली. एक हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हं असलेलं, एक त्यांच्याविना. आम्ही ती वाचली आणि आम्हाला वाटलं, याला ठाऊक आहे, तरी विचारतो आहे. यांची रीत असेल. सादिया म्हणाली, "कोल्ड लोक आहेत." चाळीसव्याला कुराणखानी झाली, जेवण झालं, बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सादियानं स्वतः आंघोळ करून केस विंचरले, टेबलाशी बसली आणि कोचला लिहिलं की मी तयार आहे, आता अब्बांच्या जागी सही चाचा करतील. उत्तर त्याच दिवशी आलं. तुझ्याकडून काहीच न आल्यामुळे तुझा विचार बदलला असं आम्ही समजलो. ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. तुला शुभेच्छा.

कासिमचाचांना बोलावून घेतलं. ते दुकानातून तसेच आले, हाताला ग्रीस.

"चाचा," मी विचारलं, "तुम्ही कोणाशी बोललात?"

"कोणाशी म्हंजे? प्रिन्सिपलच्या ऑफिसात."

"कोचला नाही सांगितलं?"

"खेळाच्या मास्तरला?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "घरात मयत झाली तर पीटीच्या मास्तरला कळवतात काय गो? वरच्याला कळवायचं. वरचा खाली सांगतो."

"मग प्रिन्सिपल काय म्हणाले?"

"ते नव्हते. मशीन होती, निरोप ठेवा म्हणणारी. मी रविवारी सकाळी दुकान उघडलं आणि पहिलं काम तेच केलं." दम्माममध्ये रविवार म्हणजे आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असेल, आणि उजाडल्यावरही सुट्टीच. "पण मी सगळं सांगितलं मशीनला. मरहूमचं पूर्ण नाव, गाव, तालुका, कंपनीत किती वर्षं होते, इमानदार माणूस होता. विथ डीप रिग्रेट म्हटलं. शेवटी सलाम केला."

मग सादिया हसायला लागली. "मशीनला सलाम केला?" ती म्हणाली. "चाचा, तालुका पण सांगितला?" अब्बा गेल्यापासून ती हसली नव्हती, आता तिला थांबता येईना, आणि अम्मी आतल्या खोलीतून विचारत होती, काय झालं, कोण रडतंय. कासिमचाचा उभेच होते. हाताचं ग्रीस लागेल म्हणून खुर्चीला धरत नव्हते. त्यांचं तोंड एकदम म्हाताऱ्या माणसाचं झालं होतं.

सादियानं दुसऱ्या दिवशी कोचला सगळं खरं लिहिलं. त्यानं फार वाईट वाटल्याचं कळवलं, आणि ते खरंही असेल. पण ती दुसरी मुलगी होती, तिलाही वडील असतील, त्यांनी सही केली होती.

कॅरल हिवाळ्यातच नवऱ्याबरोबर परत गेली होती. आमची खबर तिला कळली ती सादियाच्या फोनवरून, आणि कळताच तिचा पहिला प्रश्न होता, "मला का नाही सांगितलंत?" आमच्यात दुःखाची खबर वयानं मोठ्या पुरुषाच्या तोंडून जाते. ती जाईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसणं हाच अदब असतो. आम्ही तिघी अदबीनं गप्प बसलो होतो. कॅरल म्हणाली, ती दुसरी कोच, चार ओळींवाली, तिला विचारून बघते.

त्या बाईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या डोक्यावर लोकरी टोपी होती आणि मागे खोक्यांची थप्पी. कोच बाई असल्यामुळे अम्मी समोर बसली, पांढऱ्या ओढणीत. मी मध्ये, भाषांतराला. कासिमचाचा बाहेरच्या खोलीत, दार अर्धं उघडं. सादिया खिडकीशी पाठमोरी. तिनं आधीच सांगितलं होतं की तिला कुठेही जायचं नाही, ती गावी जाईल, अम्मीजवळ राहील, विषय संपला.

कोच म्हणाली, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. जागा आहे. तीच, तिसरी.

अम्मी म्हणाली, "विचार तिला, तिसरी म्हंजे काय करायचं असतं?"

मी विचारलं. कोच म्हणाली, सामन्याच्या दिवशी बहुतेक वेळा काही नाही. पण सराव रोज असतो आणि सरावात सगळ्या टीमचे फटके तिनं झेलायचे.

"किती वर्षं?"

"दोन तरी. कदाचित चारही."

बाहेरून कासिमचाचा म्हणाले, "म्हंजे बाकावर बसायला एवढ्या लांब पाठवायची?" मग त्यांनाच आपलं बोलणं नकोसं झालं असावं, ते खोकले.

अम्मीनं बराच वेळ त्या बाईकडे पाहिलं. "मग तिला कशाला बोलावतेस, विचार."

हे मी जरा मऊ करून विचारलं. कोचनं ते ओळखलं असावं. ती अम्मीकडेच बघत म्हणाली की तिसरी चांगली असेल तर पहिल्या दोघी चांगल्या राहतात; आणि दुसरं म्हणजे सादियानं पाठवलेल्या चित्रफितीत एक सामना होता, ज्यात तिनं नऊ गोल खाल्ले होते. बाकी सगळ्या मुली जिंकलेले सामने पाठवतात. तुमच्या मुलीनं हा का पाठवला ते मला कळलं नाही, पण मी तो शेवटपर्यंत पाहिला.

मी भाषांतर केलं. सादिया खिडकीतून न वळता म्हणाली, "अब्बांनी सांगितलं होतं. बोलले, वाईट दिवस पण दाखव, नाहीतर नंतर फसवल्यासारखं होतं."

कॉल संपला. अम्मी म्हणाली, "ही बाई खोटं बोलत नाय. पहिला गोड होता."

"मी जाणार नाही," सादिया म्हणाली. "आय टोल्ड यू."

"गावाला येऊन काय करशील? माझ्या भावाच्या घरात दोन खोल्या आहेत. तुझी आपा पुस्तकात तोंड घालून दिवस काढील. तू?"

"मैं तुम्हारे पास रहूँगी."

"माझ्याजवळ राहून माझं कोण वारलंय ते परत येणाराय?" अम्मीचा आवाज चढला. इद्दतीत तो चढलेला मी तेवढाच ऐकला. "सात वर्षं तो माणूस त्या थंडीत बसला. मी म्हणायची, जळ्ळा तो खेळ. तो काय म्हणायचा, ठाऊक आहे? काय नाय म्हणायचा. फ्लास्क भरून दे म्हणायचा."

"मी गेले तर तू दारापर्यंत पण येऊ शकणार नाहीस," सादिया म्हणाली, आणि हे तिनं मराठीत म्हटलं. "तुझी इद्दत संपायच्या आधी मला निघावं लागेल. मी अशी जाऊ? तुला आत ठेवून?"

"मी दारात येऊन काय विमान ढकलणाराय?" अम्मी म्हणाली.

सही अम्मीच्या सांगण्यावरून कासिमचाचांनी केली. करण्याआधी त्यांनी हात साबणानं दोनदा धुतले, आणि कागद कोणाला पाठवायचे हे मला तीनदा विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "मास्तरीणबाईला. डायरेक्ट."

ती गेली त्या दिवशी बाहेर इतकं ऊन होतं की काचेला हात लाववत नव्हता. हॉकीची बॅग लिफ्टमध्ये आडवी मावेना, उभी करावी लागली. ती सादियाइतकीच उंच होती आणि त्या दोघी आत शिरल्यावर माझ्यासाठी जागा उरली नाही. मी जिन्यानं उतरणार होते. अम्मी दाराच्या आत उभी होती, उंबऱ्यापासून वीतभर मागे. तिनं सादियाचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी पढून फुंकलं, मग हात सोडले. सादिया मागे बघत लिफ्टकडे गेली. दार बंद झालं. अम्मी ऐकत उभी राहिली. लिफ्ट खाली थांबल्याचा धातूचा आवाज आला. "पोचली खाली," अम्मी मला म्हणाली. "जा तू, जा, ती थांबली असेल." मी परत आले तेव्हा ती तिथेच होती.

सादियाचं पुढचं थोडक्यात लिहिते, कारण ते तिचं आहे. ती तीन वर्षं तिसरी राहिली. शेवटच्या वर्षी काही सामन्यांत उभी राहिली, त्यांतला एक जिंकला. दुसऱ्या हिवाळ्यात एका सरावात तिच्या गळ्याशी फटका बसला आणि बरेच दिवस तिचा आवाज गेला. ते तिनं आम्हाला आवाज परत आल्यावर सांगितलं. आता ती त्याच गावात नोकरी करते आणि बर्फावर जात नाही. गेल्या वर्षी अम्मी वारली तेव्हा ती वेळेवर पोचू शकली नाही. आमच्यात दफनाला वाट बघत नाहीत. मी तिला ताबडतोब फोन केला. कासिमचाचांची वाट पाहिली नाही. ते असते तर त्यांनीच मला घाई केली असती, पण त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती फोनवर म्हणाली, "आपा, मी काय करू आता इथे?" तिच्या मागे बर्फ उपसणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. मी म्हटलं, जेवून घे.

पण मला त्या उन्हाळ्याबद्दलच लिहायचं आहे. इद्दत संपली त्या दिवशी अम्मीनं आंघोळ केली. मामानं गावाहून येणाऱ्या एकाबरोबर तिच्यासाठी फिकट हिरवा ड्रेस पाठवला होता; विधवेनं माहेरच्या कपड्यात बाहेर पडायचं अशी आमची रीत. तो तिला सैल झाला. आमची तिकिटं आली होती, कायमचं निघायचा शिक्का पासपोर्टवर लागला होता, अर्धं घर खोक्यांत होतं. तिनं अबाया चढवला आणि दारात उभी राहिली.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे."

"अम्मी, तिथे बायकांना..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. लिफ्ट आली आणि गेली. "मग ते बसायचे तिथे ने."

आम्ही टॅक्सीनं गेलो. ती सगळा रस्ता खिडकीतून बघत होती. मॉलमध्ये फिरत्या जिन्यावर तिनं माझा दंड घट्ट धरला. रिंकवर सराव चालू होता. काचेमागचे बाक मी तिला दाखवले, तिसरी रांग, कोपरा. ती बसली आणि गारठ्यानं अबायाच्या बाह्यांत हात ओढून घेतले. बर्फावर मुली गोल गोल फिरत होत्या, स्केट्सच्या पात्यांचा आवाज काचेवर आदळत होता. सादियाच्या जागी दुसरी मुलगी उभी होती, लहानखुरी, पॅड तिला मोठे होणारे. तिच्यावर फटके येत होते. काही ती अडवायची, पुष्कळसे आत जायचे, मग ती मागे वळून चकती जाळीतून काठीनं बाहेर काढायची आणि परत उभी राहायची.

अम्मी खूप वेळ तिच्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता रडेल. तिनं मान वळवली आणि बाकांवर नजर फिरवायला लागली. बरेच लोक होते. कोणी मोबाईलवर, कोणी बोलत, दोन बायका, काही पुरुष.

"हिचा बाप कुठला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत.

"थांब." तिनं डोळे बारीक केले. बर्फावर एक फटका बसला, मोठा आवाज झाला. पहिल्या रांगेत, मळखाऊ रंगाचा पायघोळ थोब घातलेल्या एका माणसाचा खांदा दचकून वर गेला आणि हळूहळू खाली आला. बाकी कोणी हललं नाही.

"तो," अम्मी म्हणाली.

पुढचा फटका आला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो, बर्फाकडे नाही. तो परत दचकला.